जाळीची वीण

विणकाम हे फावल्या वेळचे काम आहे, आणि तेही मुलींचे, अशी पुष्कळांची समजूत असते. शाळेच्या वेळापत्रकात कार्यानुभवाच्या तासाला त्यास थोडी जागा मिळते; परंतु परीक्षा जवळ आली, की अनेकदा प्रथम तोच तास जातो. त्या वेळात गणिताची उजळणी होते आणि सुया-दोरे कपाटात पडून राहतात. गणित हवेच, यात शंका नाही. तथापि जे काम बाजूस सारले, त्यातही गणित होते आणि गणिताहून अधिक असेही काही होते, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

हिंगोली जिल्ह्यात कापूस पिकतो आणि कडक थंडी थोडेच दिवस असते. लोकरीच्या स्वेटरापेक्षा सुती दोऱ्याचे विणकाम येथे अधिक उपयोगी पडते. लग्नघरी रुखवतात मांडलेले जाळीचे रुमाल आणि दारावरची तोरणे सर्वांच्या पाहण्यातली आहेत. ती बहुधा क्रोशाच्या एका आकड्याने विणलेली असतात. परंतु दोन सुयांवरही सुबक जाळी विणता येते, आणि तिची सर्वांत सोपी वीण दोनच ओळींची आहे.

सुईवर २२ टाके घालावेत. पहिला टाका सुलट विणावा. मग दोरा पुढे आणून सुईवर त्याचा एक वेढा घ्यावा व पुढचे दोन टाके एकत्र सुलट विणावेत. असे दहा वेळा करून शेवटचा टाका सुलट विणावा. दुसरी ओळ संपूर्ण उलट विणावी. या दोन ओळी पुनःपुन्हा विणल्या, की जेथे जेथे वेढा घेतला तेथे तेथे एक छिद्र पडते आणि एकाखाली एक अशा छिद्रांची जाळी उमलू लागते.

यातील हिशेब मोठा नेटका आहे. प्रत्येक वेढ्याने एक टाका वाढतो आणि दोन टाके एकत्र विणल्याने एक कमी होतो. जमा आणि खर्च सारखे राहतात. म्हणून ओळीच्या शेवटी पुन्हा २२ टाके भरले पाहिजेत. २१ भरले, तर कोठे तरी वेढा घ्यावयाचा राहिला. २३ भरले, तर दोन टाके एकत्र करावयाचे राहिले. मात्र एकाच ओळीत या दोन्ही चुका झाल्या, तर संख्या बरोबर भरते आणि जाळी मात्र बिघडते. केवळ उत्तर जुळले म्हणून रीत बरोबर होती असे नव्हे, ही गोष्ट गणिताच्या वहीतून जितकी कळत नाही, तितकी येथे डोळ्यांना दिसते.

चूक चार ओळी खाली राहून गेली, की खरी परीक्षा होते. गुरुजींच्या लक्षात ती आलेली नसते. पाहुण्यांच्याही येणार नसते. उसवावे की तसेच पुढे जावे, हे विणणाऱ्याने आपल्या मनाशीच ठरवावयाचे असते. उसवले तर दोरा उरतो, पण तासाभराची मेहनत जाते. ज्याने एकदा स्वतःहून उसवून पुन्हा विणले, त्याला त्या लहानशा रुमालाचे मोल कोणी सांगावे लागत नाही.

हे मोल न कळल्याने काय होते, याचे उदाहरण दूरचे नाही. आंध्र प्रदेशातील नरसापूरच्या परिसरात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी स्त्रियांस क्रोशाची लेस विणावयास शिकविले. पुढे ती लेस परदेशांत विकली जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन विदुषींनी तेथील स्त्रियांचा अभ्यास करून १९८२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दिवसाचे कित्येक तास विणूनही त्या स्त्रियांस अत्यल्प मजुरी मिळत होती. कारण त्या गृहिणी असून फावल्या वेळी विणतात, असेच मानले जात होते. 'फावल्या वेळचे' हा शब्द दिसावयास निरुपद्रवी आहे. परंतु त्याच शब्दाने त्या श्रमांची किंमत उतरविली होती.

म्हणून ही वीण मुलींइतकीच मुलांनीही शिकावी. विणून घर चालेल, असे त्यांस सांगणे खरे होणार नाही. यंत्रावरची लेस बाजारात स्वस्त मिळते. परंतु जो मुलगा दहा छिद्रांची एक ओळ विणताना तीनदा चुकला, तो पुढे विणणाऱ्या बाईशी दोन रुपयांसाठी घासाघीस करताना क्षणभर तरी थांबेल. सुईदोऱ्यात पुरुषाला कमीपणा आहे, असे या जिल्ह्यात तरी कोणी म्हणू नये. नरसी हे गाव ज्यांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाते, ते संत नामदेव शिंप्याच्या घरचे. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची जी पदे आहेत, त्यांत गज, कात्री, सुई आणि दोरा यांचा उल्लेख येतो. आपल्या घरच्या धंद्याची हत्यारे देवाच्या नावाशेजारी ठेवताना त्यांना संकोच वाटला नाही.

गांधीजींच्या पुढाकाराने १९३७ साली वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेत, शिक्षण हातांच्या उद्योगातून दिले जावे, हा विचार मांडला गेला. तो विचार वेळापत्रकात आजही एका तासापुरता उरला आहे. परीक्षेच्या दिवसांतही तो तास राखला पाहिजे. बावीस टाक्यांचा हिशेब चुकला, तर मुले पुन्हा विणतील. दुसऱ्याच्या श्रमांचा हिशेब चुकवण्याची सवय एकदा जडली, तर ती उसविणे फार कठीण जाते.