पानिपत, तुरीची डाळ आणि आमचा कॉरिडॉर

शीर्षक वाचून हसू नका. दिवाळीच्या सुट्टीत सबमिशनपायी आम्ही पाच जण होस्टेलवरच अडकलो होतो. मेस अर्धी बंद, लाईटचा पत्ता नाही. माझा रूम पार्टनर सातारकडचा. त्यांच्याकडे दिवाळीत अंगणात किल्ला करतात, मातीचे मावळे ठेवतात. तो म्हणाला, "चला, किल्ला करू." मी म्हटलं, "अरे भो, त्या मावळ्यांना तुम्ही आठ दिवस नुसतं उभं करता. ते लढतात कधी?" सुरुवात इथून झाली.

लहान सैनिक मांडून लढाई खेळणं हा युरोपात जुना आणि चांगलाच गंभीर छंद आहे. प्रशियाच्या लष्करात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ मध्ये नकाशा, फासे आणि पंच घेऊन खेळायचा युद्धखेळ बसवला, तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी. एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिपायांसाठी 'लिटल वॉर्स' हे नियमांचं पुस्तक लिहिलं. १९७१ मध्ये चार्ल्स ग्रँटचं 'द वॉर गेम' आलं, ते खास अठराव्या शतकातल्या लढायांवर. ही मंडळी शेकडो शिपाई स्वतः रंगवतात आणि लॉयथनसारखी लढाई टेबलावर पुन्हा लढतात. लॉयथन म्हणजे ५ डिसेंबर १७५७. फ्रेडरिकच्या समोर जवळपास दुप्पट ऑस्ट्रियन सैन्य होतं. तो टेकड्यांच्या आडून फिरला आणि त्यांच्या एकाच टोकावर तुटून पडला.

हे सगळं साहेबाचं, आपल्याला काय त्याचं? तर तारखा बघा. ते सप्तवार्षिक युद्ध १७५६ ते १७६३ चाललं. आपलं पानिपत १४ जानेवारी १७६१ चं. त्याच आठवड्यात तिकडे फ्रेंचांचं पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती पडलं. आणि भाऊसाहेबांच्या सैन्यात इब्राहिमखान गारदी होता, फ्रेंच सेनानी बुसीच्या पद्धतीने कवायत शिकलेला. म्हणजे काळ तोच आणि पलटणीची कवायतही त्याच घराण्याची. मग ते नियम आपल्या मातीवर का चालू नयेत?

रंगवलेले शिपाई आणायला पैसे कुठले! नवापूरच्या मित्राने घरून तुरीची डाळ आणली होती, ती झाली गारद्यांची पलटण. हरभरे म्हणजे घोडदळ, मसूर म्हणजे समोरचे रोहिले. नंदुरबारच्या सुक्या मिरच्यांचे तुकडे तोफा झाले. एक दाणा म्हणजे तीस माणसं, एक सेंटिमीटर म्हणजे दहा मीटर. नऊ हजार गारदी धरले तर तीनशे दाणे. तीन ओळींत, माणशी दोन फूट धरून रांग आली सहा हजार फूट. कॉरिडॉरच्या फरशीवर एक मीटर ऐंशीच्या वर! पूर्ण रणांगण मावेना, म्हणून फक्त डावी बगल घेतली.

आता माझी फजिती सांगतो. पानिपतावर मी वक्तृत्व स्पर्धेत दोनदा बोललोय. "शिस्त मोडली म्हणून हरलो" या वाक्यावर दोन्ही वेळा टाळ्या घेतल्यात. गारद्यांच्या शेजारच्या मराठा घोडदळाने रांग सोडून पुढे धाव घेतली आणि आपल्याच तोफांना आडवं आलं, असं सांगितलं जातं. त्या फळीत दमाजी गायकवाड होते. त्यांचं सोनगड आपल्या नवापूरपासून फार लांब नाही, हद्द ओलांडली की आलंच. मी हौसेने गायकवाडांचे हरभरे मागून घेतले. तिसऱ्या डावात समोरची मसूर विस्कळीत झाली आणि मला राहवेना. बंदुकीचा नेमका मारा शंभर मीटर, म्हणजे दहा सेंटिमीटर. बार पुन्हा भरायला वीस सेकंद. तेवढ्यात घोडा ते अंतर कापतो. हिशेब माझ्या बाजूने होता, घातले घोडे!

रूम पार्टनर काही बोलला नाही. फक्त मिरच्यांवर बोट ठेवलं. तोफांच्या बरोबर समोर माझेच हरभरे.

वक्तृत्वात हे कधीच कळलं नसतं. तिथे आपण भाऊसाहेबांना गर्विष्ठ ठरवतो, होळकरांना पळपुटे ठरवतो आणि खाली उतरतो. इथे कोणाच्या तरी जागी बसून हुकूम द्यावा लागतो, आणि नियम लिहिताना प्रत्येक कारणाला आकडा द्यावा लागतो. महिनोन्‌महिने कोंडीत अडकलेल्या उपाशी घोड्याचा वेग किती कमी करायचा? यावर रात्री दोन वाजेपर्यंत भांडण झालं. शेवटी निम्मा केला. अब्दालीने राखीव फौज हातात ठेवली होती, तीही मांडली. मग आमची जीत पाचपैकी एकदाच झाली.

एक सर म्हणाले, "माणसं मेली त्याचा खेळ करता?" राग आला, पण प्रश्न खोटा नव्हता. पहिल्या दिवशी आम्ही फक्त लढणारे मांडले होते. भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर बायका, मुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे होते आणि त्यांना घेऊन दिल्लीकडे निघायचं होतं, हे आम्ही फरशीवर विसरलोच होतो. दुसऱ्या दिवशी तांदूळ आणला. पन्नास हजार धरले तरी सोळाशेच्या वर दाणे. मोजता मोजता दोघं कंटाळून उठून गेले. तो ढीग मागे ठेवल्यावर डावच बदलला. पलटण पुढे सरकवली की तांदूळ उघडा पडायचा, आणि तो हलवायला कुणी तयार होईना. शेवटचा डाव हरलो तेव्हा मसूर तांदळापर्यंत पोचली होती. पुढचा फासा कोणी टाकला नाही.

गॅदरिंगच्या आठवड्यात वक्तृत्वाच्या जोडीला हेही ठेवा, असा अर्ज आम्ही दिलाय. ड्रॉइंग हॉलची एका रात्रीची किल्ली हवी, तिथे पूर्ण पानिपत मावेल. डाळ-तांदूळ मेसच्या मावशी द्यायला तयार आहेत, फक्त निवडून परत द्या म्हणाल्या. मुंग्यांनी नेलेल्या रोहिल्यांचा हिशेब त्यांना अजून सांगितलेला नाही.