कामाच्या हातांसाठी आठवड्याला अर्धा तास

‘आपल्या हाताला कसली आलीत नखं?’ असं म्हणून जिने हा विषय संपवला, तिच्यासाठीच हे लिहिते आहे. राहाता, साकुरी, अस्तगाव, पुणतांबा, बाभळेश्वर या आपल्या पट्ट्यात बाईचा हात दिवसभर कशात ना कशात असतो. पेरूच्या बागेत, कांद्याच्या लागणीत, सोयाबीनच्या खुरपणीत, उसाच्या पाचटात, गाईच्या कासेखाली आणि संध्याकाळी पुन्हा भांड्यांच्या साबणात. शिर्डीत लॉजच्या चादरी धुणारी किंवा हॉटेलात भांडी घासणारी बाई तर सगळा दिवस ओल्या हातानेच असते. लग्न जवळ आलं की पोरीला पार्लरमध्ये नेतात, तिची नखं घासून रंगवून घेतात. तिच्या आईच्या बोटांकडे कुणी पाहत नाही, आणि ती स्वतःही पाहत नाही. माझं म्हणणं असं की ज्या हाताला काम जास्त, त्याच्या नखांची निगा आधी राखावी. ती घरीच होते, आठवड्यातून अर्ध्या तासात होते, आणि त्यासाठी काही मागवावं लागत नाही. जे मागवलं जातं, त्यातलं काही तर अपायकारकच आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

आधी नख कसं वाढतं ते समजून घ्या. आपल्याला दिसतं ते नख केरॅटिनचं, म्हणजे निर्जीव असतं, म्हणून कापताना दुखत नाही. जिवंत भाग मुळाशी, कातडीच्या खाली असतो आणि नवं नख तिथेच तयार होतं. त्याचा वेग तुम्ही सगळ्यांनी पाहिलेला आहे. २०२४ साली आपल्या शिर्डी मतदारसंघात १३ मेला लोकसभेचं मतदान झालं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं. मेमध्ये लावलेली शाई कातडीवरून काही दिवसांत गेली, पण नखावरचा डाग नखाबरोबर पुढे सरकत राहिला आणि नोव्हेंबर येईपर्यंत बहुतेकींच्या बोटावरून कापून गेला. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं आणि मुळापासून टोकापर्यंत नवं व्हायला सहा महिने घेतं. पायाचं नख त्याच्या निम्म्या वेगाने किंवा त्याहून हळू वाढतं. पायाच्या अंगठ्याचं पूर्ण बदलायला बारा ते अठरा महिने लागतात.

पुण्याच्या श्रीधर चिल्लाल यांनी १९५२ पासून डाव्या हाताची नखं कापली नव्हती. २०१४ मध्ये गिनीजने मोजली तेव्हा पाच नखांची मिळून लांबी ९०९.६ सेंटिमीटर भरली. हिशेब केला तर एका नखाला महिन्याला जेमतेम अडीच मिलिमीटर येतात. बासष्ट वर्षं जपलेल्या नखांचाही वेग एवढाच. त्यामुळे आठ दिवसांत नखं लांब करून देणाऱ्या तेलाची जाहिरात दिसली तर पैसे घालवू नका. चिल्लाल यांनी जुलै २०१८ मध्ये न्यूयॉर्कला ती नखं कापून घेतली, पण तोवर त्या हाताची बोटं नीट उघडत-मिटत नव्हती.

नखाच्या मुळाशी कातडीचा एक पातळ पापुद्रा नखावर चिकटलेला असतो. पार्लरमध्ये त्याला क्युटिकल म्हणतात. या सगळ्या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा, की तो पापुद्रा कापायचा नाही. नख आणि कातडी यांच्यामधली फट तोच बंद ठेवतो. तो कापला, ओढला किंवा दातांनी तोडला की ती फट उघडी पडते आणि साबणाचं पाणी, शेण, माती, जंतू सगळं आत जातं. मग बोट ठणकायला लागतं, कडेला लाल सूज येते, पू धरतो. यालाच आपण नखुर्डं म्हणतो. सतत ओल्या हातांनी काम करणाऱ्या बाईचा पापुद्रा न कापताही झिजून जातो. तिचं नखुर्डं एकदा येऊन जात नाही. महिनोन्‌महिने कातडी फुगलेली राहते, तिथे बुरशी धरते आणि नखावर आडव्या खाचा पडत जातात. अशा बाईला मलमापेक्षा कोरडे हात जास्त उपयोगी पडतात. भांडी-धुणं करताना रबरी हातमोजे घाला. आत घाम येतो म्हणून खाली जुने सुती मोजे घाला. काम झालं की बोटांच्या बेचक्यांसकट हात पुसा आणि नखांच्या मुळाशी खोबरेल तेलाचा एक थेंब चोळा. मालकिणीने किंवा मालकाने हातमोजे द्यायला हवेत, आणि ते मागायला संकोच करू नका.

नखुर्ड्यावर लिंबू बसवायची आपल्याकडे रीत आहे. सूज नुसती सुरू झाली असेल तर कोमट पाण्यात दिवसातून तीन-चार वेळा बोट बुडवून ठेवलेलं बरं, त्याने ठणका कमी होतो. पू दिसत असेल तर सुईने किंवा ब्लेडने फोडू नका. दवाखान्यात जा, तिथे दोन मिनिटांचं काम असतं.

आता अर्धा तास कसा वापरायचा ते सांगते. शनिवारी, अमावास्येला, दिवेलागणीनंतर नखं कापू नयेत असं बऱ्याच घरांत पाळतात. तुमच्या घरात जो वार चालतो तो ठरवा, पण ठरवा. डोक्यावरून अंघोळ करता त्या दिवशी लगेच नंतर बसलात तर सगळ्यांत सोपं, कारण नखं मऊ झालेली असतात. एरवी कोमट पाण्यात थोडा अंगाचा साबण घालून पाच मिनिटं बोटं बुडवा. मीठ, लिंबू, खाण्याचा सोडा यांची गरज नाही. लिंबू आणि सोड्याने नखं पांढरी दिसतात खरी, पण भेगाळलेल्या कातडीला दोन्ही झोंबतात आणि नख आणखी कोरडं करतात. हळदीने पिवळी झालेली नखं आजारी नसतात, ती घासत बसू नका.

नखाखालचा मळ हेअरपिनने किंवा सुईने उकरू नका. टोकदार वस्तूने नख खालच्या कातडीपासून सुटतं, आणि एकदा सुटलं की त्या पोकळीत आणखी मळ जातो. जुना मऊ टूथब्रश आणि साबण पुरतो. झेंडू तोडून, पेरू काढून काळी पडलेली बोटं एका दिवसात उजळत नाहीत. आधी तेल चोळून मग साबण लावला तर बरंचसं निघतं.

हाताची नखं जवळजवळ सरळ कापा, कोपरे फक्त किंचित गोल करा. पायाची अगदी सरळ. पायाच्या अंगठ्याचा कोपरा खोल कापला की नख वाढताना मांसात रुततं. कापून झाल्यावर नखं कोरडी होऊ द्या आणि मग नेल फाइलने एकाच दिशेने घासा. करवतीसारखं पुढे-मागे केलं, किंवा ओल्या नखावर घासलं, तर टोकाला पदर सुटतात. क्युटिकलला टॉवेलने हळूच मागे सारलं तरी चालतं, त्यापुढे हात लावायचा नाही. शेवटी खोबरेल तेल किंवा साधं व्हॅसलीन नखांवर, मुळाशी आणि बोटांच्या टोकांना चोळा. रात्री चोळून झोपलात तर उत्तम.

नखं किती ठेवायची, हे ज्याचं त्याचं काम ठरवतं. भाकरी थापणाऱ्या हाताला लांब नखं त्रासच देतात, कारण पीठ खाली जाऊन बसतं. धार काढणाऱ्या बाईने आणि गड्याने तर नखं बोटाच्या बरोबरीनेच ठेवावीत. नखाने सडाला ओरखडा गेला की जंतूंना वाट मिळते, आणि मग दगडी, म्हणजे कासदाह. युरिया किंवा सुपर फॉस्फेट उघड्या हाताने फेकू नका. फवारणीचं औषध कालवल्यावर नखांच्या खाचा ब्रशने धुतल्याशिवाय जेवायला बसू नका. मुलांची नखं दर आठवड्याला कापाच. जंताची अंडी नखाखाली बसून तोंडात जातात, आणि शाळेत दिलेली जंताची गोळी त्यावर जन्मभर पुरत नाही.

नेलकटर घरात एकच असतो आणि तो सगळ्यांचा असतो. ज्याच्या नखाला बुरशी आहे, त्याचा वेगळा करा. वापरून झाल्यावर साबणाने धुऊन, पुसून, स्पिरिटचा बोळा फिरवून ठेवा. पार्लरमध्ये गेलात तर तिथल्या ताईला हत्यारं कशी साफ करता ते विचारा. चांगलं काम करणारी ताई रागावत नाही, दाखवते.

नेलपॉलिश लावावं का? मनात असेल तर जरूर लावावं. शेतात राबणाऱ्या बाईने लाल नखं मिरवू नयेत असं कुठेही लिहिलेलं नाही. मात्र पद्धत पाळा. बाटली जोरात हलवण्याऐवजी तळहातांत फिरवा, म्हणजे बुडबुडे येत नाहीत. आधी बिनरंगाचा थर द्या, नाहीतर गडद रंगाने नख पिवळं पडतं. मग रंगाचे दोन पातळ थर, आधी मधोमध एक पट्टा आणि मग दोन्ही कडा. कातडीला लागू देऊ नका. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर लवकर सुकतात आणि जास्त टिकतात. रंगाचे टवके निघायला लागले तर खरवडू नका, कारण त्याबरोबर नखाचा वरचा पदरही येतो. रिमूव्हरचा बोळा काही क्षण नखावर दाबून धरा आणि टोकाकडे पुसा. पॉलिश आणि रिमूव्हर दोन्ही पटकन पेट घेतात. चुलीजवळ, गॅसजवळ, देवघरातल्या निरांजनाजवळ बाटली उघडायची नाही. बाळंतपणाला किंवा ऑपरेशनला जाताना रंग पुसून जा. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या मशीनला गडद रंगामुळे नीट वाचता येत नाही, आणि डॉक्टरांनाही नखाचा खरा रंग पाहायचा असतो.

आपल्याकडे नागपंचमीला मेंदी लावतात तेव्हा नखांनाही ती द्या. हा रंग निघत नाही, वाढून जातो, आणि पानांच्या साध्या मेंदीने नखाला काही होत नाही. एका तासात काळाभोर रंग देणाऱ्या ‘काळ्या मेंदी’च्या कोनापासून मात्र लांब राहा. त्यात बहुधा केस रंगवण्याचं रसायन असतं आणि त्याने कातडीला फोड येतात.

आता जे मागवू नका म्हणाले होते ते. दिव्याखाली सुकणाऱ्या जेल पॉलिशचं किट हल्ली घरबसल्या मिळतं, पोरी एकमेकींच्या बोटांना लावतात. त्या जेलमध्ये मेथाक्रिलेट वर्गातली रसायनं असतात. नीट सुकलं नाही किंवा कातडीला लागलं तर त्यांची ॲलर्जी जडते, आणि ती सहसा आयुष्यभर राहते. बोटांना खाज, भेगा, कधी पापण्यांवर पुरळ. पुढे दातात भरायच्या सिमेंटपासून सांध्यांच्या शस्त्रक्रियेपर्यंत याच वर्गातली रसायनं वापरतात, त्या वेळी ही ॲलर्जी आडवी येऊ शकते. ब्रिटनच्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये घरगुती किटबद्दल जाहीर इशारा दिला होता. यांतलं हेमा नावाचं एक रसायन असलेली नखांची उत्पादनं फक्त व्यावसायिकांनीच वापरावीत, असा नियम युरोपीय संघाने २०२० मध्ये केला. जेल सुकवायला मदत करणारं टीपीओ तर तिथे १ सप्टेंबर २०२५ पासून बंदच आहे. आपल्याकडे ऑनलाइन येणाऱ्या स्वस्त किटवर आत काय आहे हे पुष्कळदा धड लिहिलेलंही नसतं. पोरींनो, साधं पॉलिश लावा. कृत्रिम नखं चिकटवायचा गोंदही सांभाळून वापरा. तो सुती कपड्यावर सांडला तर कपडा इतका तापतो की खालची कातडी भाजते.

नखं पाहत गेलात की काही गोष्टी आपोआप दिसतील. पांढरे ठिपके कॅल्शियमच्या कमतरतेचे नसतात, बहुतेकदा कधीतरी लागलेल्या छोट्या माराचे असतात आणि वाढून जातात. नख चमच्यासारखं खोलगट व्हायला लागलं तर रक्त तपासून घ्या, लोह कमी असू शकतं. पिवळं, जाड, भुगा पडणारं नख बुरशीचं असतं. त्यावर डॉक्टर देतील ते औषध महिनोन्‌महिने घ्यावं लागतं, कारण निरोगी नख मुळापासून पुढे यायलाच तेवढा काळ लागतो. दोन आठवड्यांत गुण दिसला नाही म्हणून बहुतेकजणी सोडून देतात, तुम्ही सोडू नका. मार न लागता नखात उभी काळी रेघ नव्याने आली आणि ती रुंदावत असेल, किंवा बोटाला भाजलेलं-कापलेलं कळेनासं झालं असेल, तर घरगुती काहीच करू नका. लोणीच्या प्रवरा रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे, तिथे दाखवा.

शेवटी एक विनंती. तुमच्या घरात जे म्हातारं माणूस आहे, त्याला वाकून पायापर्यंत पोहोचता येत नाही आणि पोहोचलं तरी नीट दिसत नाही. ते सांगणार नाही. तुमचा अर्धा तास ठरला की त्यातली दहा मिनिटं सासूबाईंच्या, आजोबांच्या पायांना द्या. पाय कोमट पाण्यात बुडवण्याआधी पाणी तुमच्या कोपराने पाहा, कारण मधुमेह असलेल्याला चटका कळत नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा, तिथे चिखल्या आहेत का बघा. टाचांच्या भेगांना ब्लेड लावू नका. मऊ झालेल्या टाचेवर वज्री हलकी फिरवा आणि कोकमाचं तेल कोमट करून भरा. मधुमेह असेल तर वज्रीही नको, नुसतं तेल लावा, आणि तेही बेचक्यांत नको. जाड झालेलं नख एका झटक्यात कापू नका, कडेने थोडं थोडं काढा. मधुमेह असेल तर नेलकटर बाजूला ठेवा, नुसतं फाइलने घासा, आणि पायाला लहानशी जखम दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.