आधी पाते, मग मूठ, मग नाव

नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने २०२५ साली लंडनच्या लिलावातून ४७ लाख १५ हजार रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. चर्चा झाली ती किमतीची आणि अभिमानाची. शस्त्रसंग्रहाच्या आपल्या क्षेत्रातल्या माणसाने मात्र त्या तलवारीची पाठ बघावी. सरळ, एकधारी, युरोपी बनावटीचे पाते; त्याला मुल्हेरी घाटाची मूठ; आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत रघुजींचे नाव, त्यांचा ‘सेनासाहेब सुभा’ हा किताब आणि ‘फिरंग’ हा शस्त्रप्रकार. कुठले पाते, कुठली मूठ, कोणाची मालकी, हे तिन्ही प्रश्न इथे वेगवेगळे सुटतात, आणि तिसऱ्याचे उत्तर विक्रेत्याच्या तोंडून नव्हे तर शस्त्रावरूनच मिळते.

एवढे बोलके शस्त्र क्वचित हाती लागते. मुक्या शस्त्रांच्या बाबतीत आपली चाल उलटी असते. आधी नाव ठरते, नावाला शोभेल असे शतक ठरते आणि पात्याकडे लक्ष गेलेच तर सर्वांत शेवटी. बाजारात आलेला प्रत्येक दांडपट्टा शिवकालीन, प्रत्येक कट्यार सरदार घराण्यातली आणि प्रत्येक धोप एखाद्या लढाईत चाललेली. मागणीच तशी असल्यामुळे पुरवठाही तसाच होतो. संग्राहकांनी हा क्रम बदलावा, एवढेच या अंकात सांगायचे आहे.

सुरुवात पाते आणि मूठ यांची नोंद वेगळी करण्यापासून व्हावी. हिंदुस्थानी तलवारीची मूठ बहुधा लाखेसारख्या रसाने पात्यावर बसवलेली असते; ऊब दिली की ती सुटते. त्यामुळे एका पात्याने तीन मुठी आणि एका मुठीने तीन पाती पाहिलेली असू शकतात. खंडा आणि फिरंग यांची पाती मुठीच्या पट्ट्यांमध्ये रिव्हेटने धरलेली असतात. रिव्हेट नवे आहे का, जवळ जुनी बुजवलेली भोके आहेत का, हे भिंगातून पाहिले तरी बराच इतिहास उलगडतो. दक्षिणेकडच्या पंजारक्षक असलेल्या कट्यारींत तर युरोपी तलवारीचे कापलेले पाते सर्रास सापडते. अशा वस्तूसमोर एकच साल आणि एकच गाव लिहिणे म्हणजे अर्धी माहिती पुसणे होय.

पात्यावरच्या खुणांनीही चटकन हुरळून जाऊ नये. धावता लांडगा ही मुळात पासाऊची खूण. पण झोलिंगेनच्या कारागिरांनी ती उचलली. दातेरी चंद्रकोरींची जोडी जेनोवाशी जोडली जाते. तीच कॉकेशसपासून हिंदुस्थानापर्यंत अनेकांनी आपापल्या पात्यांवर ठोकली. ‘आंद्रेआ फेरारा’ हे नाव तर इतक्या पात्यांवर आणि इतक्या स्पेलिंगांत आहे की ते एका लोहाराची सही न राहता मालाची हमी बनले. पाते कुठल्या परंपरेचा दावा करते, एवढेच खूण सांगते. तो दावा खरा की उसना, हे पोलाद, पन्हळींची आखणी आणि पात्याचा उतार पाहून ठरवावे लागते. जुने घडीव पाते मुठीपासून अणीकडे सहसा पातळ होत जाते. कमानपाट्यातून कापलेले आजचे पाते पुष्कळदा शेवटपर्यंत सारख्याच जाडीचे राहते. व्हर्नियर कॅलिपरने तीन ठिकाणी जाडी मोजायला दोन मिनिटे लागतात.

स्थळाचेही तसेच. बिकानेरच्या जुनागढातल्या अनेक शस्त्रांवर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेली देवनागरी नोंद आहे आणि तीत दख्खनमधल्या अदवानीचे नाव येते. सतराव्या शतकाच्या अखेरीस मोगलांच्या बाजूने दख्खनमध्ये लढलेल्या महाराजा अनूपसिंहांच्या लुटीतली ही शस्त्रे. ठिपके वाचले नाहीत तर दख्खनी कट्यार ‘राजपूत’ म्हणून विकली जाते. तंजावरचे उदाहरण अधिक दुःखद आहे. १८५५ मध्ये तिथले मराठा राज्य संपले, पुढे शस्त्रागार मोडले, बरीच शस्त्रे लोखंडाच्या भावाने गेली आणि निवडक तेवढी मद्रासच्या संग्रहालयात पोहोचली. वॉलहाउस यांनी १८७८ मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त त्यावर लिहिले, म्हणून निदान हकिकत तरी उरली. त्या शस्त्रागारात मराठ्यांआधीच्या नायकांच्या काळातले कामही होते. केवळ मराठ्यांच्या कोठारातून निघाली म्हणून याळीमुखाची प्रत्येक कट्यार मराठा घडणीची ठरत नाही.

दुसरा मुद्दा सफाईचा. खोट्या नावापेक्षा बफिंगच्या चाकाने जास्त पुरावा नष्ट केला आहे. नाव निदान खोडता येते, घासून गेलेली खूण परत येत नाही. चिंच, लिंबू, राख, पॉलिश पेपर आणि भुकटी लावलेले चाक यांनी पाते चकाकते. पण ठिपक्यांचा लेख, कोफ्तगिरीची उरलीसुरली तार आणि जौहराची रेघ त्याच चकाकीत जाते. नारिंगी, भुकटी सुटणारा गंज वाढत असतो, तो थांबवावा. काळपट, घट्ट बसलेला थर शस्त्राचे वय सांगतो. तो तसाच ठेवावा. हातमोजे घालावेत, पात्याला हलक्या तेलाचा किंवा मेणाचा पातळ हात द्यावा आणि कोकणासारख्या दमट हवेत पाते चामडी म्यानात कोंडून ठेवू नये. खंडेनवमीची पूजा कोणी सोडू नये. फक्त हळदकुंकू म्यानाला लावावे आणि ओले बोट पात्याला लागलेच तर त्याच दिवशी कोरड्या कापडाने टिपून घ्यावे.

घराण्यातली आठवणही नोंदीत हवीच, पण आठवण म्हणून. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखे २०२४ च्या जुलैत साताऱ्यात आली. ती साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडची, हे संग्रहालय सांगते; शिवाजी महाराजांनी प्रतापगडावर वापरली ती हीच का, याची खात्री देता येत नाही, हेही तेच संग्रहालय सांगते. त्यामुळे वाघनखांचे महत्त्व कमी झाले नाही, पाहणाऱ्यांची गर्दीही आटली नाही. खासगी संग्राहकाला असे लिहायला संकोच का वाटावा? ‘कुटुंबाचे म्हणणे’ आणि ‘शस्त्रावरून दिसते ते’ असे दोन रकाने वहीत असले की पुढच्या अभ्यासकाला कुठून सुरुवात करायची ते कळते. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर विकता येत नाही. म्हणजे तिची वही इथेच, आपल्यालाच नीट ठेवायची आहे.

हाच नियम आधी आम्ही स्वतःला लावत आहोत. पुढील अंकापासून वाचकांकडून येणाऱ्या शस्त्राचे छायाचित्र पुढील तपशिलांसह आले तरच छापले जाईल: पात्याची लांबी, वजन आणि तीन ठिकाणची जाडी, मुठीच्या जोडाचे आणि प्रत्येक खुणेचे जवळून घेतलेले छायाचित्र, वस्तू कोणत्या गावातून, कोणत्या साली हाती आली, आणि तिच्यावर आजवर केलेली सफाई व दुरुस्ती. व्यक्तीचे नाव छापायचे तर त्याचा आधार सोबत हवा. आधार नसेल तर ‘दख्खन, घडणीचा काळ अनिश्चित’ एवढेच छापू. त्याने वस्तूची किंमत कदाचित उतरेल, पण जे छापू त्यावर दुसऱ्याला विसंबता येईल.