हक्काचें मूळ: राजाज्ञा कीं शेजाऱ्याची साक्ष?

राज्यसत्ता नसेल तर मालकीहक्क राहील काय, हा प्रश्न केवळ पंडितांचा आहे असें आमच्या व्यापारी वाचकांस वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या शेताच्या भरंवशावर गिरडच्या कास्तकारास ते उधार माल देतात, तें शेत त्याचें कशानें ठरतें, एवढेंच त्यांनीं स्वतःस विचारावें. प्रश्न आपल्याच दुकानाचा आहे हें तेव्हां कळून येईल.

वर्धा जिल्ह्याचा इतिहास या बाबतींत बोधप्रद आहे. भोसल्यांच्या अमदानींत गांवचा पाटील सारा वसूल करी. गांवाच्या जमिनीचा धनी तो नव्हता. १८५४ त इंग्रजांनीं नागपूरचें राज्य खालसा केलें, आणि १८६० नंतरच्या बंदोबस्तांत त्याच वसूल करणारांस मालगुजार म्हणून गांवाची मालकी बहाल केली. पुढें मध्यप्रदेश सरकारच्या १९५० च्या कायद्यानें ३१ मार्च १९५१ रोजीं ही मालकी संपुष्टांत आली. लेखणीनें दिलेलें लेखणीनेंच परत घेतलें. यावरून हक्क म्हणजे सरकारची देणगी, असें अनुमान कोणी काढील.

आम्हांस तें अपुरें वाटतें. मालगुजार आले आणि गेले, पण कुळानें वाहिलेल्या शेताचा धुरा शेजारी ओळखीत राहिले. वहिवाटीस साक्ष देणारा गांव कागदाहून जुना आहे. मात्र ही साक्ष बलिष्ठापुढें मुकी होते. विधवेचा धुरा दिरानें नांगरला, तर गांव सारें पाहतें आणि गप्प बसतें.

मालगुजारी गेली त्याच वसंतांत, १८ एप्रिल १९५१ रोजीं, पवनारच्या विनोबांस तेलंगणांतील पोचमपल्ली येथें रामचंद्र रेड्डी यांनीं शंभर एकर जमीन देऊं केली. तेथें ना हुकूम होता, ना सक्ती. तरीही दानाची जमीन भूमिहीनाच्या हातीं टिकावी म्हणून मध्यप्रदेशांत १९५३ त भूदानाचा कायदा करावा लागला. औदार्यासही नोंद लागते ती अशी.

तेव्हां वहिवाट शेजाऱ्याच्या साक्षीनें उभी राहते, पण दुर्बळाच्या पदरीं ती हक्क होऊन पडते ती कायद्यानें. आणि तो कायदा सरकारासही बांधणारा हवा. १९७८ च्या घटनादुरुस्तीनें मालमत्तेचा हक्क मूलभूत राहिला नाहीं, तरी कायद्याच्या आधाराविना कोणाचीही मालमत्ता काढून घेतां येत नाहीं, असा निर्बंध घटनेंत आहेच.

म्हणून गिरडच्या सुज्ञ मंडळींस आमची सूचना आहे, कीं सातबाऱ्याचें चावडीवाचन उपचार म्हणून उरकूं नये. २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाबरोबरीचा वांटा आहे. तिचें नांव उताऱ्यावर आहे कीं नाहीं, हें गांवानें त्याच वेळीं विचारावें. साक्ष आणि नोंद एका चावडींत भेटतील, तरच हक्क खरा.