कोवळ्या कंडरांचा हिशेब

28 एप्रिल 2025 च्या रात्री जयपूरच्या मैदानावर वैभव सूर्यवंशी या 14 वर्षांच्या मुलाने 35 चेंडूंत शतक ठोकले. त्या रात्री देशातल्या किती घरांत आई-वडिलांनी शेजारी बसलेल्या आपल्या मुलाकडे नव्या नजरेने पाहिले असेल, याची मोजदाद कोण करणार? कौतुक करावे असाच तो पराक्रम होता. पण एका वैभवमागे हजारो मुले पहाटे पाचला उठवली जातात, आणि माझ्या मनात विचार येतो तो त्यांच्या गुडघ्यांचा, टाचांचा आणि कोपरांचा.

मी काही डॉक्टर नव्हे. उभी हयात बँकेत काढलेला माणूस. मात्र ठेव कोणाची, जोखीम कोणाची आणि मुदत किती, हे तीन प्रश्न विचारायची सवय नोकरीने लावली. मुलांच्या खेळाबाबतही तेच विचारावेसे वाटतात.

या विषयात आपल्याकडे दोन समजुती घट्ट बसल्या आहेत. पहिली, लहान वयात वजने उचलली की उंची खुंटते. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, झेपेल तेवढ्या वजनाने व्यायाम केला तर असे होते याला पुरावा नाही. वयात येण्यापूर्वी मुलाची ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. आहेत तेच स्नायू एकजुटीने कामाला लावायला मेंदू शिकतो. स्नायू फुगायला लागतात ते पुढे, संप्रेरकांचा जोर वाढल्यावर. तेव्हा दहा वर्षांच्या मुलाचे दंड दिसत नाहीत म्हणून सराव वाढवणाऱ्या बापाने जरा थांबावे.

दुसरी समजूत अधिक धोक्याची. सराव जितका जास्त तितका चांगला, असे ती सांगते. इथे कंडरांचा प्रश्न येतो. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा चिवट दोर. डॉक्टर त्याला टेंडन म्हणतात. 1955 ते 1963 या काळातल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन जवळजवळ दुप्पट झाला होता. तो अन्नावाटे त्या पिढीच्या शरीरात उतरला. त्याचाच माग काढत कोपनहेगनच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले, की टाचेमागच्या जाड कंडरेचा गाभा आयुष्याच्या पहिल्या 17 वर्षांत घडतो. त्यानंतर तो जवळजवळ बदलत नाही. म्हणजे सतराव्या वर्षापर्यंत भरलेल्या ठेवीवर जन्म काढायचा!

यात आशेचा भागही आहे. ही ठेव वाढवता येते. ब्रिटनमध्ये आठ-नऊ वर्षांच्या मुलांकडून दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा बेताचा व्यायाम करून घेतला, तेव्हा त्यांच्या कंडरा अधिक कणखर झाल्याचे आढळले. आठवड्यातून दोनदा, रोज दोनदा नव्हे. कंडरेला ताण हवा तशी विश्रांतीही हवी. वयात येताना स्नायू भराभर बळावतात आणि कंडरा मागे रेंगाळते. बर्लिनच्या संशोधकांना व्हॉलीबॉल खेळणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींत ही तफावत स्पष्ट दिसली. इंजिन नवे आणि पट्टा जुना, अशी गत होते.

शिवाय मुलांत कंडरा जिथे हाडाला चिकटते, तिथे अजून कूर्चाच असते. तोच सर्वांत कच्चा दुवा. उड्या आणि धावण्याचा अतिरेक झाला की गुडघ्याखाली टेंगूळ येते, दुखू लागते. ऑसगुड आणि श्लाटर या दोन डॉक्टरांनी 1903 मध्येच हे दुखणे नोंदवले. बहुतेकांचे ते विश्रांतीने बरे होते. पण ‘वाढीचे दुखणे आहे, पळ’ असे म्हणून रेटले, तर महिनोन् महिने पाठ सोडत नाही.

इतरांनी ठेचा खाऊन नियम केले. अमेरिकेत मुलांच्या बेसबॉलमध्ये 2007 पासून, किती षटकाबरोबर डाव टाकले यापेक्षा किती चेंडू फेकले हे मोजतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला दिवसाला 75. जपानने शालेय बेसबॉलमध्ये 2020 पासून आठवड्याला 500 ची मर्यादा घातली. महिला जिम्नॅस्टिक्समध्ये 1997 पासून मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी 16 वर्षे वय लागते.

आपल्याकडे काय? 2006 मध्ये ओडिशातल्या बुधिया सिंग या चार वर्षांच्या पोराला पुरीहून भुवनेश्वरकडे 65 किलोमीटर पळवले गेले. देशाने आधी टाळ्या वाजवल्या, मग सरकारने त्याच्या लांब पल्ल्याच्या धावण्यावर बंदी घातली. आज 16 वर्षांखालील क्रिकेटसाठी मुलांच्या मनगटाचा एक्स-रे काढतात. त्यात वाढत्या हाडांच्या कोवळ्या पट्ट्या स्वच्छ दिसतात. पण तो पाहायचा कशासाठी, तर मुलाने वय चोरले की काय यासाठी! त्या पट्ट्यांवर रोज किती भार पडतो, हे विचारायचे राहूनच जाते. शिबिराच्या फीची पावती प्रत्येक पालकाकडे असते. मुलाने आठवड्यात किती चेंडू टाकले याची वही मात्र मला अजून एकाही पालकाने दाखवलेली नाही.

दोष एकट्या पालकांना देता येत नाही. क्रीडा सवलतीचे गुण, नोकरीतला राखीव कोटा आणि आता लिलावातले कोट्यवधी रुपये, हे सारे डोळ्यांसमोर असताना मध्यमवर्गीय माणूस मोहात पडणारच. पण जोखीम त्याच्या पैशाची कमी आणि मुलाच्या शरीराची जास्त आहे, आणि त्या मुलाची सही कोणी घेतलेली नसते.

शिकागोच्या लोयोला विद्यापीठातील डॉक्टरांच्या पाहणीतून, 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला, एक सोपा आडाखा हाती आला आहे. मुलाचे वय जितकी वर्षे, त्याहून अधिक तास आठवड्याला शिस्तबद्ध खेळाचे नसावेत. दहा वर्षांच्या मुलाला दहा तास पुष्कळ झाले. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी, वर्षातले काही महिने दुसरा खेळ, आणि उंची झपाट्याने वाढत असेल तेव्हा सराव कमी. एका जागचे दुखणे दोन आठवड्यांत थांबले नाही, तर प्रशिक्षकाला नव्हे, डॉक्टरला दाखवावे.

लगोरी, आट्यापाट्या, सूरपारंब्या खेळणाऱ्या मुलांचा भार आपोआप सगळ्या अंगावर वाटला जाई, आणि दमले की खेळ थांबे. त्या खेळांचे वेळापत्रक मुलांच्याच हाती होते. ते सगळे परत येणार नाही. निदान शाळांनी आणि क्रीडा संघटनांनी प्रत्येक मुलामागे एक वही ठेवावी, आणि पालकांनी फी भरण्याआधी ती मागावी. खर्च दहा-वीस रुपयांचा आहे.