फ्रँचायझी घेताय? घ्या की!

"आयटीचा कंटाळा आला यार, एखादी फ्रँचायझी घेऊन टाकतो." दर शुक्रवारी कँटीनमध्ये हेच! मंडळी, सॉफ्टवेअर टाकताना अटी न वाचता ओके दाबतो ना, तसं इथे चालत नाही. अमेरिकेत सही किंवा पैसे घेण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला सगळी माहिती लेखी द्यावी लागते. आपल्याकडे फ्रँचायझीचा स्वतंत्र कायदाच नाही, भिस्त १८७२ च्या करार कायद्यावर. म्हणजे 'दीड वर्षात पैसे वसूल' हे फक्त ब्रोशरमध्येच असेल, तर बसा भांडत. त्यात रॉयल्टी बहुतेकदा विक्रीवर, नफ्यावर नव्हे! दुकान तोट्यात, तरी यांचा वाटा चालूच. मॅकडोनाल्ड्स आणि विक्रम बक्षी यांचं भांडण २०१३ पासून २०१९ पर्यंत चाललं, मधे २०१७ ला १६९ दुकानांचे करार रद्द. ते बक्षी होते, टिकले. तुमचं होमलोन चालू आहे ना? करार मोडला तर डिपॉझिट आणि फर्निचर कोणाचं, विचारलंत का?