अचाट आणि अतर्क्य... मग लाज कसली?

'गिल्टी प्लेझर' हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी कुणी नोलनबद्दल बोलत असेल तर आवाज कसा खणखणीत असतो. तोच माणूस 'मिस्टर इंडिया' पुन्हा पाहिल्याचं सांगताना आधी इकडेतिकडे बघतो, कसनुसं हसतो आणि वर पुस्ती जोडतो, "अरे, इतका वाईट आहे ना, की मजा येते." म्हणजे साहेबांनी तीन तास मन लावून सिनेमा पाहिला, टीना मेली तेव्हा गुपचूप डोळेही पुसले. पण अभिरुचीवर डाग पडायला नको, म्हणून ही सारवासारव!

आज या सारवासारवीचा समाचार घ्यायचा आहे. विषय अर्थात आपले लाडके 'अचाट आणि अतर्क्य' विज्ञान-साहसपट. चकचकीत कपडे, गडगडाटी खलनायक, जगावर आलेलं संकट आणि तोंडी लावण्यापुरतं विज्ञान. या भडक, नाटकी, ओसंडून वाहणाऱ्या प्रकाराला इंग्रजीत 'कॅम्प' म्हणतात. सुझन सॉन्टॅगबाईंनी १९६४ साली त्यावर एक गाजलेला निबंध लिहिला आणि तेव्हापासून विद्वानांनाही असले सिनेमे उघडपणे पाहायची सोय झाली. आपल्याकडे मात्र अजून चोरून पाहणं चालू आहे.

'वाईट आहे म्हणून मजा येते' हे निदानच मला साफ चुकीचं वाटतं. नुसते वाईट सिनेमे ढिगाने निघतात आणि महिन्याभरात विसरले जातात. चाळीस चाळीस वर्षं टिकणाऱ्या गोष्टीत काहीतरी धड असलंच पाहिजे. काय ते बघू.

१९८० चा 'फ्लॅश गॉर्डन' घ्या. गोष्ट एका ओळीची. न्यूयॉर्कचा एक फुटबॉलपटू, एक मुलगी आणि एक अर्धवट शास्त्रज्ञ रॉकेटमधून मोंगो ग्रहावर पोचतात आणि सम्राट मिंगपासून पृथ्वी वाचवतात. दरबारात मारामारी सुरू होते तेव्हा आपला हिरो चक्क अमेरिकन फुटबॉल खेळायला लागतो आणि नायिका बाजूला उभी राहून चीअरलीडिंग करते. शेवटी रॉकेटचं टोक मिंगच्या आरपार जातं. आता बोला!

हे सगळं खरंच हास्यास्पद आहे. पण ते बनवणारे कोण होते, ते पाहा. मिंग झालाय माक्स फॉन सिडो, म्हणजे बर्गमनच्या 'द सेव्हन्थ सील'मध्ये मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा माणूस. कपडे आणि सेट डानिलो डोनाती यांचे, जे फेलिनीबरोबर काम करत आणि ज्यांना वेशभूषेची दोन ऑस्कर मिळाली होती. कॅमेरा गिल्बर्ट टेलरचा, ज्याने 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' आणि पहिला 'स्टार वॉर्स' चित्रित केला. संगीत क्वीनचं, म्हणजे आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या बँडचं. हिरो सॅम जोन्स जरा लाकडीच आहे, मान्य. त्याचे बरेचसे संवाद तर नंतर दुसऱ्याच नटाच्या आवाजात भरले. पण बाकी ही सगळी मंडळी काय चुकून वाईट काम करत होती? मोंगोचं ते रंगीबेरंगी आभाळ पाण्याच्या टाकीत रंग सोडून तयार केलं होतं. आजही ते पाहताना कळतं की हे आभाळ नाही, रंग आहेत, आणि तरीही नजर हटत नाही.

माझा सगळा मुद्दा या 'तरीही'त आहे. असा सिनेमा प्रेक्षकाशी उघड करार करतो. हे खोटं आहे हे मलाही माहीत आहे आणि तुलाही, आता खेळायचं का? आणि एकदा खेळ सुरू झाला की तो माघार घेत नाही. फॉन सिडो एका क्षणासाठीही 'मी खरं तर मोठा नट आहे हं' असा चेहरा करत नाही. बर्गमनसाठी लावला असेल तितकाच जीव तो त्या लाल-सोनेरी झग्यात लावतो.

आता घरच्या मैदानात या. 'मिस्टर इंडिया', १९८७, शेखर कपूर. मिंगच्या दरबारात एका राजपुत्राला निष्ठा सिद्ध करण्यासाठी स्वतःच्या तलवारीवर पडायचा हुकूम होतो. इकडे मोगॅम्बोचे सैनिक हुकुमासरशी ॲसिडच्या कुंडात उड्या टाकतात. कुणी कुणाचं उचललं या वादात मला पडायचं नाही, पण दोघांचं खानदान एकच. अमरीश पुरींनी तो सोनेरी वेलबुट्टीचा कोट (जो मुंबईच्या माधव अगस्ती या टेलरने शिवला) असा काही वागवलाय की ब्रिटिश जनरलला न्यूनगंड यावा. अदृश्य माणसाच्या करामती पीटर परेरा यांनी कॉम्प्युटरच्या मदतीशिवाय, कॅमेऱ्यातल्या युक्त्यांनी उभ्या केल्या. आणि हवेत तरंगणाऱ्या हनुमानाच्या मूर्तीकडून मार खाणारा तो बॉब क्रिस्टो शिक्षणाने सिव्हिल इंजिनियर होता. आपल्या जातभाईंना इतकी भक्कम करिअरची दुसरी वाट क्वचितच सापडते :)

इथे 'विज्ञानाचं काय?' ब्रिगेड उठून उभी राहते. यात आपले इंजिनियर बंधू सगळ्यात पुढे. अदृश्य माणूस आंधळा असणार, कारण डोळ्याच्या पडद्याने प्रकाश शोषल्याशिवाय दिसणार कसं? बरोबर आहे, शंभर टक्के बरोबर. हा आक्षेप वेल्सच्या १८९७ च्या कादंबरीलाही लागू होतो आणि याकोव्ह पेरेलमनने तो फार पूर्वीच नोंदवून ठेवलाय. म्हणून वेल्स वाचायचा थांबला का कुणी?

'मिस्टर इंडिया'त एक नियम आहे: घड्याळासारखं यंत्र लावलेला माणूस कुणाला दिसत नाही, फक्त लाल प्रकाशात किंवा लाल काचेतून दिसतो. का? कुणास ठाऊक. गंमत म्हणजे २००६ साली ड्यूक विद्यापीठात जी पहिली 'अदृश्यतेची झूल' बनली तीसुद्धा मायक्रोवेव्हच्या एका अरुंद पट्ट्यातच चालत होती, म्हणजे सगळ्या तरंगलांबींना एकदम फसवणं अवघडच. पण या योगायोगाचा मला वकिली मुद्दा करायचा नाही. 'बघा, आपल्या सिनेमाने आधीच सांगितलं होतं' हे भाबडेपण मला तितकंच नकोय. लाल प्रकाशाची अट ही विज्ञानाची नाही, खेळाची अट आहे. लपंडावात खांबाला हात लावला की सुटलो, तशी. पाच वर्षांच्या पोराला एका वाक्यात कळते. आपल्या भाषेत सांगायचं तर स्पेसिफिकेशन एका ओळीचं आहे आणि प्रॉडक्ट त्याबरहुकूम चालतं. तुमच्या किती प्रोजेक्टांबद्दल हे छातीठोकपणे म्हणता येईल?

उलट 'इंटरस्टेलर' (२०१४) पाहा. किप थॉर्नसारखा नंतर नोबेल मिळालेला माणूस सल्लागार, कृष्णविवराचं चित्र इतकं अस्सल की त्यावर शोधनिबंध निघाला. मला आवडतो तो सिनेमा, गैरसमज नको. पण शेवटी हिरो कृष्णविवरात उडी मारतो आणि पोचतो कुठे, तर पोरीच्या पुस्तकांच्या कपाटामागे! तिथे प्रेमाच्या धाग्याने काळ ओलांडला जातो. हे ज्यांना चालतं त्यांना हनुमानाची मूर्ती चालत नाही? फरक एवढाच की एका अतर्क्य गोष्टीने समीकरणांचा सूट घातलाय आणि दुसरी बनियनवर बसली आहे. आपण सुटाला उठून सलाम ठोकतो.

आणि गंभीर साय-फायची वंशावळ तपासायची म्हटली तर फार पंचाईत होईल. जॉर्ज लुकासला खरं तर 'फ्लॅश गॉर्डन'च करायचा होता. हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्याने 'स्टार वॉर्स' लिहिला. सुरुवातीला वर सरकत जाणारी ती पिवळी अक्षरंही १९३० च्या दशकातल्या स्वस्त साहसमालिकांकडूनच आलेली. आज प्राचीन पुराण म्हणून ज्याचा अभ्यास होतो त्याचा आजोबा हा असा चंदेरी चड्डीत फिरणारा होता.

पण खोटं जाहीरपणे खोटं आहे म्हणून त्याला सात खून माफ होत नाहीत. मिंग ही व्यक्तिरेखा १९३४ च्या कॉमिक स्ट्रिपमधून आली, आणि 'पिवळ्या संकटा'च्या पाश्चात्त्य भयगंडातून. गोऱ्या नटाला पूर्वेकडचा क्रूर सम्राट म्हणून रंगवणं तेव्हाही ओंगळच होतं. २०२० मध्ये सिनेमा पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा ब्रिटिश सेन्सॉर मंडळाने प्रमाणपत्राबरोबर तशी सूचना दिली, ते योग्यच केलं. आपल्या 'हवा हवाई'तही मागचे नाचणारे तोंडाला काळं फासून उभे आहेत. ते पाहताना मला कसंतरीच होतं आणि व्हायलाच हवं. गंमत अशी की 'इतकं वाईट की चांगलं'वाल्यांना हे दिसतच नाही. सगळ्यावर सरसकट हसायचं ठरवलं की काय खटकतं आणि काय भिडतं, दोन्ही कळेनासं होतं. सिनेमा मनापासून पाहणाऱ्यालाच त्याच्याशी भांडताही येतं.

बाजाराने ही हेटाळणी बरोब्बर हेरली. २०१३ साली 'शार्कनेडो' आला: चक्रीवादळात उडणारे शार्क मासे. त्याचे २०१८ पर्यंत एकूण सहा भाग निघाले. मुद्दाम वाईट बनवायचं, प्रत्येक दृश्यात प्रेक्षकाला डोळा मारायचा, म्हणजे टीका करायला जागाच उरत नाही. 'आम्हाला माहितीये हो!' फॉन सिडोने जे पणाला लावलं होतं ते इथे कुणीच लावत नाही. त्यातला एक तरी प्रसंग आठवतो का? मला आठवत नाही.

टीनाचा मृत्यू मात्र आठवतो. ज्या सिनेमात मोगॅम्बो सिंहासनावरच्या गोळ्यावर बोटं वाजवतो, त्याच सिनेमात घरभाडं थकलेलं आहे, पोरं उपाशी झोपतात, आणि गर्दीच्या ठिकाणी ठेवलेल्या बॉम्बने एक लहान मुलगी मरते. ट्रान्झिस्टर बॉम्बने दिल्ली हादरली होती ती १९८५ मध्ये, म्हणजे प्रेक्षकाला ती भीती नवी नव्हती. सोनेरी कोट आणि लाल काचेचा खेळ आपण इतका मान्य केलेला असतो की बचावाच्या सगळ्या भिंती खाली आलेल्या असतात, आणि तेव्हाच तो धक्का थेट आत पोचतो. एखाद्या वास्तववादी सिनेमाने हेच दाखवलं असतं तर आपण कॅमेऱ्याच्या कोनावर चर्चा केली असती.

आपण दिवसभर उपरोधावरच जगतो. मीटिंगमध्ये उपरोध, मॅनेजरवर उपरोध, लग्नाच्या व्हिडिओवरसुद्धा. त्यात कुणी आपल्याला भोळं म्हणू शकत नाही, एवढीच काय ती सोय. पण रोज ती झूल पांघरली की ती काढायचं बटण कुठे होतं तेच आठवेनासं होतं. हे अचाट सिनेमे मला म्हणूनच हवेत. ते समोरच्याकडून थोड्या भोळेपणाची मागणी करतात, आणि ती निर्लज्जपणे करतात.

असो. फार झालं. या वीकेंडला दोन्हीपैकी एक सिनेमा लावा. आवाज मोठा ठेवा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, आणि शेजारी बसलेला कुणी "अरे, हे कसं शक्य आहे?" म्हणाला तर त्याला चहा करायला पाठवा.